मोबाईलमधला पुरावा आणि वकिलाची जबाबदारी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या कामाच्या भागातल्या एका गावात जयंतीच्या मिरवणुकीवरून वाद झाला. वस्तीतल्या एका तरुणाला भर चौकात जातिवाचक शिवीगाळ झाली, मारहाणही झाली. त्याच्या मित्राने मोबाईलवर सहा-सात मिनिटांचा व्हिडिओ काढला होता. व्हिडिओच्या सुरुवातीला आपल्या पोरानेही दोन शिव्या दिलेल्या ऐकू येत होत्या. "तेवढं काढून टाका, नाहीतर केस कमकुवत होईल," असे कार्यकर्त्यांच्या बैठकीत ठरले. त्या बैठकीत मीही होते. चाळीस सेकंदांची क्लिप तयार झाली, व्हॉट्सॲपवर तालुकाभर फिरली आणि तीच पेन ड्राईव्हमध्ये वकिलांकडे गेली. मूळ फोन कुठे आहे, हे वकिलांनी विचारले नाही. खटला उभा राहिला तोवर तो फोन विकला गेला होता.

उलटतपासणीत साधा प्रश्न आला : उरलेला व्हिडिओ कुठे आहे? साक्षीदाराकडे उत्तर नव्हते. दुर्दैव असे की, चौकात उभे राहून बघणारे लोक त्या कापलेल्या भागातच दिसत होते. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१)(आर) आणि ३(१)(एस) खाली अपमान किंवा जातिवाचक शिवीगाळ लोकांच्या नजरेसमोर झाली हे सिद्ध करावे लागते. ते सिद्ध करणारे दृश्य आम्ही आमच्याच हाताने कापले होते. आरोपी सुटले. कारणे आणखीही होती, पण हे एक मोठे कारण होते.

आज जवळजवळ प्रत्येक प्रकरणात मोबाईल असतो. अशा पुराव्याबाबत वकिलावर कोणती नैतिक आणि कायदेशीर बंधने आहेत, हे कार्यकर्त्यांना माहीत असायला हवे. वकिलाकडून काय मागायचे आणि काय मागायचे नाही, दोन्ही त्यातूनच कळते.

कायदा कुठून कुठे आला

इलेक्ट्रॉनिक पुरावा म्हणजे मोबाईलमधले फोटो, व्हिडिओ, ऑडिओ, व्हॉट्सॲप संदेश, ई-मेल, सीसीटीव्ही चित्रण, कॉल डिटेल रेकॉर्ड म्हणजे सीडीआर, समाजमाध्यमांवरच्या पोस्ट, संगणकातल्या फाईली. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने जुन्या १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम ६५ब घातले गेले. संगणकीय नोंदीची प्रत न्यायालयात द्यायची असेल तर सोबत प्रमाणपत्र हवे, असे हे कलम सांगत होते.

अनेक वर्षे या प्रमाणपत्राकडे कुणी फारसे लक्ष दिले नाही. २०१४ साली 'अन्वर पी. व्ही. विरुद्ध पी. के. बशीर' या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्र सक्तीचे ठरवले. २०१८ मध्ये 'शफी मोहम्मद' प्रकरणात दोन न्यायमूर्तींनी ही अट काहीशी सैल केली. हा गोंधळ मिटला तो आपल्या जालन्याच्या खटल्यात. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीनंतर स्वीकारला गेला की नाही, हा वाद होता आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातले व्हिडिओ चित्रण हा पुरावा होता. वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिले नव्हते. 'अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किसनराव गोरंट्याल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने सांगितले : प्रतीसाठी प्रमाणपत्र सक्तीचेच आहे; मात्र ज्याच्या ताब्यात यंत्र आहे तो प्रमाणपत्र देत नसेल तर पक्षकाराने न्यायालयाकडे अर्ज करावा. शक्य ते सारे करूनही प्रमाणपत्र मिळाले नाही, तर त्याची शिक्षा पक्षकाराला नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला. आता ६५ब च्या जागी कलम ६३ आहे. प्रमाणपत्राचा नमुना कायद्याच्या अनुसूचीतच दिला आहे आणि त्याचे दोन भाग आहेत. भाग 'अ' पक्षकाराने भरायचा, भाग 'ब' तज्ज्ञाने. त्यात यंत्राची कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक, आयएमईआय क्रमांक अशी माहिती आणि फाईलची 'हॅश व्हॅल्यू' लिहावी लागते.

हॅश व्हॅल्यू म्हणजे फाईलच्या बोटाचा ठसा समजा. गणिती पद्धतीने फाईलमधून अक्षर-अंकांची एक ओळ निघते. एसएचए-२५६ ही पद्धत वापरली तर ती ६४ अक्षरांची असते. व्हिडिओचा एक सेकंद कापला किंवा फाईलमध्ये एक टिंब बदलले तरी ही ओळ पूर्ण बदलते. 'फाईलला हात लावलेला नाही' हे तोंडी सांगण्यापेक्षा ही ओळ जुळणे जास्त बोलते.

वकिलाच्या कर्तव्याचा आधार

वकिलांना ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ लागू आहे. त्याखाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने व्यावसायिक आचाराचे नियम केले आहेत. न्यायालय, पक्षकार, विरुद्ध पक्ष आणि सहकारी वकील अशा चौघांप्रति असलेली कर्तव्ये त्यात आहेत. हे नियम मोबाईलच्या आधीच्या काळातले आहेत, पण लागू आजही होतात. इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या बाबतीत त्यांचा अर्थ काय होतो ते एकेक करून पाहू.

१. मूळ जपायला सांगणे

पक्षकार पहिल्यांदा फोन दाखवतो त्या दिवशीच वकिलाचे काम सुरू होते. फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, चॅट पुसू नका, आपोआप नाहीसे होणारे संदेश बंद करा, मूळ फाईलला हात लावू नका, हे त्याने त्याच दिवशी सांगायला हवे. व्हॉट्सॲपवरून पुढे पाठवलेला व्हिडिओ आकाराने लहान होतो आणि कधी, कोणत्या यंत्रावर काढला याची आतली माहिती बहुधा गळून पडते. म्हणून फॉरवर्ड आलेली प्रत मूळची जागा घेऊ शकत नाही.

पुरावा दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर घाई आणखी महत्त्वाची. दुकानाच्या सीसीटीव्हीत जुन्या चित्रणावर काही दिवसांतच नवे चित्रण चढते. पोलीस ठाण्याबाबत 'परमवीर सिंग सैनी' प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला आहे : प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही हवेत आणि चित्रण १८ महिने, ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष जपले पाहिजे. ठाण्यात तक्रार घेतली नाही, दमदाटी झाली, मारहाण झाली, असे पक्षकार सांगत असेल तर चित्रण जपण्यासाठी लेखी अर्ज लगेच करणे हे वकिलाचे काम आहे. 'पुढच्या तारखेला बघू' म्हणताना पुरावा पुसला गेला तर तो कायमचा गेला.

२. कापाकापीला नकार देणे

आमच्या प्रकरणात नेमके हेच चुकले. पक्षकाराला अनुचित मार्गापासून परावृत्त करण्याचा वकिलाने शक्य तितका प्रयत्न करावा आणि तरीही पक्षकार ऐकत नसेल तर त्याचे काम नाकारावे, असे नियम सांगतात. सोयीचा भाग ठेवून गैरसोयीचा कापणे, स्क्रीनशॉटवरची तारीख झाकणे, दोन संदेशांमधला तिसरा गाळणे, हे सगळे त्यात येते.

याला फौजदारी बाजूही आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २२८ व २२९ खाली खोटा पुरावा तयार करणे हा गुन्हा आहे. न्यायालयीन कामकाजासाठी तो केला तर सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. न्यायालयात सादर करावी लागेल अशी इलेक्ट्रॉनिक नोंद दडवणे किंवा नष्ट करणे कलम २४१ खाली येते आणि तिथे तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

इथे एक फरक लक्षात घ्या. पक्षकाराच्या विरोधात जाणारी प्रत्येक गोष्ट वकिलाने स्वतःहून न्यायालयात मांडावी, असे कुणी म्हणत नाही. पण जे मांडले ते 'पूर्ण आहे' असे खोटे सांगता येत नाही. चांगला वकील गैरसोयीचा भाग आधीच पाहतो आणि त्याला काय उत्तर द्यायचे ते ठरवतो. आमच्या पोराने दिलेल्या दोन शिव्यांनी मारहाण क्षम्य ठरली नसती, जातिवाचक अपमानही पुसला गेला नसता. संपूर्ण व्हिडिओ समोर असता तर वकिलाला हे सांगता आले असते.

महाडच्या चवदार तळ्याचा दावा १९२७ साली दाखल झाला आणि मुंबई उच्च न्यायालयात १९३७ मध्ये संपला. अस्पृश्यांना तळ्यावर न येऊ देण्याची रूढी अनादिकाळापासून चालत आली आहे, हे वादींना पुराव्याने सिद्ध करता आले नाही आणि दावा बाबासाहेबांच्या बाजूने गेला. खोट्या दाव्याला पुराव्याची कसोटी अडवते, हे आपण तिथे पाहिले आहे. तीच कसोटी आपल्यालाही लागते.

३. सूचना पक्षकाराकडून घेणे

पक्षकार किंवा त्याने अधिकार दिलेली व्यक्ती सोडून इतर कुणाच्या सूचनेवरून वकिलाने वागू नये, असा नियम आहे. आपल्या चळवळीत वकील बहुधा संघटना ठरवते, फीची वर्गणी संघटना काढते आणि मग चर्चाही संघटनेशीच होते. ज्याच्यावर अन्याय झाला तो कोपऱ्यात बसलेला असतो. त्याचा फोन, त्याचे संदेश, त्याचे फोटो यांचे काय करायचे हे त्याला विचारूनच ठरले पाहिजे. वकिलाने संघटनेच्या माणसांना बाहेर थांबायला सांगितले तर राग मानू नका. तो त्याचे काम करतो आहे.

४. स्वतः साक्षीदार न होणे

ज्या प्रकरणात आपल्याला साक्ष द्यावी लागेल असे दिसते ते प्रकरण वकिलाने घेऊ नये, असे नियम सांगतात. वकिलाने पक्षकाराचा फोन घेऊन स्वतःच स्क्रीनशॉट काढले, फाईली स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवल्या, तर उद्या 'ही प्रत कुणी काढली?' या प्रश्नाचे उत्तर त्यालाच द्यावे लागेल. म्हणून प्रत काढणे, हॅश व्हॅल्यू घेणे, प्रमाणपत्रावर सही करणे ही कामे यंत्राचा ताबा असणारी व्यक्ती आणि तज्ज्ञ यांची. वकिलाने ती करून घ्यायची.

ॲट्रॉसिटीच्या खटल्यात फिर्यादी पक्ष सरकार असते. म्हणून पीडिताच्या वकिलाने पुरावा आपल्या कपाटात ठेवणे बरोबर नाही. फोन किंवा फाईल तपास अधिकाऱ्याकडे रीतसर पंचनाम्याने गेली पाहिजे आणि पंचनाम्यात यंत्राचे क्रमांक व हॅश व्हॅल्यू आली पाहिजे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करणे आता बंधनकारक आहे. ते झाले का, हे वकिलाने पाहायचे असते.

५. गुपित राखणे

पक्षकाराने वकिलाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय बाहेर जाऊ शकत नाही. साक्ष्य अधिनियमाचे कलम १३२ हे सांगते आणि वकिलाचे कारकून व कर्मचारी यांनाही ते लागू आहे. काम संपल्यावरही हे बंधन संपत नाही. बेकायदा हेतूसाठी झालेल्या संभाषणाला मात्र हे संरक्षण नाही.

व्यवहारात याचा अर्थ साधा आहे. पक्षकाराचा व्हिडिओ वकिलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही. झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर फाईल उघडून तशीच सोडायची नाही. कार्यालयातल्या संगणकाला पासवर्ड हवा.

वकिलाच्या यंत्रांवर तपास यंत्रणांचा डोळा असतो, तेव्हा काय करायचे? ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने यावर निर्णय दिला. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई त्या खंडपीठाचे अध्यक्ष होते. पक्षकाराची माहिती काढण्यासाठी वकिलाला समन्स पाठवता येणार नाही. कलम १३२ मधले अपवाद तेवढे सोडून. वकिलाचे डिजिटल यंत्र हवे असेल तर ते न्यायालयासमोरच सादर होईल, वकील आणि पक्षकार यांच्या उपस्थितीत उघडले जाईल, त्यांना आपल्या पसंतीच्या तज्ज्ञाची मदत घेता येईल आणि इतर पक्षकारांची गुप्तता भंगणार नाही. वंचितांची प्रकरणे चालवणाऱ्या वकिलांसाठी ही मोठी ढाल आहे.

६. पीडितेची अब्रू सांभाळणे

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पुरावा म्हणजेच पुन्हा अत्याचार ठरू शकतो. पीडितेची ओळख उघड करणे हा न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, मेमरी कार्डमधला मजकूर हा दस्तऐवज आहे आणि आरोपीला बचावासाठी तो मिळाला पाहिजे. पण पीडितेच्या खासगीपणाचा प्रश्न असेल तर न्यायालय प्रत न देता आरोपी, त्याचा वकील आणि तज्ज्ञ यांना फक्त पाहू देऊ शकते. दोन्ही बाजूंच्या वकिलांनी ही मर्यादा पाळायची आहे. आपल्या कार्यकर्त्यांनीही. निषेध म्हणून अत्याचाराचा व्हिडिओ फिरवणे हा निषेध नाही.

७. चोरीच्या वाटेने न जाणे

भारतात चोरून केलेले ध्वनिमुद्रण केवळ त्या कारणाने बाद होत नाही. 'आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या १९७२ च्या निकालापासून न्यायालये प्रामुख्याने पाहतात ते आवाज कुणाचा, विषयाशी संबंध काय आणि फेरफार झाला का, हे. पण न्यायालय पुरावा स्वीकारते म्हणून वकिलाने 'त्याचा पासवर्ड मिळवा, मेल उघडा' असा सल्ला द्यावा, असे होत नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ व ६६ खाली गुन्हा आहे. तसेच विरुद्ध पक्षाला वकील असेल तर त्या पक्षाशी वादाच्या विषयावर थेट संपर्क साधायलाही वकिलाला बंदी आहे. 'मेसेज करून त्याच्या तोंडून वदवून घेतो' असे म्हणणाऱ्या वकिलापासून सावध राहा.

८. सरकारी वकिलाचे वेगळे बंधन

सरकारी वकिलाचे काम केवळ शिक्षा मिळवणे नाही. आरोपीचे निर्दोषत्व दाखवू शकेल असे साहित्य दडपणे काटेकोरपणे टाळावे, असे बार कौन्सिलचे नियम स्पष्ट सांगतात. हा नियम आपल्यालाही हवा आहे, कारण आपली माणसे फिर्यादी असतात तशी अनेकदा आरोपीही असतात.

एल्गार परिषद प्रकरण घ्या. २०१८ च्या या प्रकरणात आरोपपत्राचा मोठा भार संगणकांतून काढलेल्या फाईलींवर आहे. बचाव पक्षाच्या वकिलांनी न्यायालयामार्फत यंत्रांतील साहित्याच्या हुबेहूब प्रती, म्हणजे क्लोन प्रती, मिळवल्या आणि अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेकडून तपासून घेतल्या. एका आरोपीच्या लॅपटॉपमध्ये बाहेरून घुसवलेल्या घातक सॉफ्टवेअरद्वारे कागदपत्रे टाकली गेली, असा निष्कर्ष त्या संस्थेने २०२१ मध्ये मांडला. तपास यंत्रणेने तो मान्य केलेला नाही. त्याचा निर्णय खटल्यातच होईल. आपण घ्यायचा धडा असा की, छापील पाने वाचून बचाव होत नाही. क्लोन प्रत मागणे, जप्तीच्या दिवशीची हॅश व्हॅल्यू मागणे आणि दोन्ही जुळतात का हे तज्ज्ञाकडून तपासून घेणे हे बचाव वकिलाचे कर्तव्य आहे.

वकील चुकला तर

फी थकली म्हणून वकील तुमची कागदपत्रे अडवून ठेवू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली 'आर. डी. सक्सेना' प्रकरणात ठरवले. त्याच तत्त्वाने तुमचा पेन ड्राईव्ह किंवा फोन परत मागता येतो. आधी लेखी मागणी करा.

वकिलाविरुद्ध ग्राहक न्यायालयात जाता येत नाही, हे १४ मे २०२४ च्या निकालाने स्पष्ट झाले आहे. गैरवर्तनाची तक्रार राज्य बार कौन्सिलकडे करायची. आपल्याकडे ती 'बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा'. ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ नुसार शिस्तपालन समिती समज देऊ शकते, सनद काही काळ निलंबित करू शकते किंवा नाव पटावरून कायमचे काढू शकते. वर्षभरात निर्णय झाला नाही तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. मात्र खटला हरणे म्हणजे गैरवर्तन नव्हे. पुरावा दडवला, बदलला, बाहेर फोडला किंवा अडवून ठेवला, असे दाखवता आले पाहिजे.

पहिल्या भेटीत वकिलाला विचारायचे प्रश्न

• मूळ फोन आता कुणाकडे ठेवायचा? तपास अधिकाऱ्याकडे कधी आणि कसा द्यायचा?

• कलम ६३ च्या प्रमाणपत्राचा भाग 'अ' कोण भरणार आणि भाग 'ब' साठी तज्ज्ञ कोण?

• सीसीटीव्ही आणि सीडीआर जपण्यासाठी अर्ज कधी जाणार? त्याची पोच मला मिळेल का?

• पुराव्यात आपल्या विरोधात जाणारे काय आहे आणि त्याला आपले उत्तर काय?

• तुमच्या कार्यालयात माझी फाईल कोण कोण उघडू शकते?

• ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५अ(१०) नुसार कामकाजाचे चित्रमुद्रण व्हायला हवे. त्यासाठी अर्ज करणार का?

चौथा प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि तोच आपण टाळतो. आता आमच्या भागात घटना घडली की मी पहिल्यांदा एवढेच सांगते : फोन जसा आहे तसा ठेवा, काही कापू नका, काही फॉरवर्ड करू नका, आणि वकिलाला सगळे दाखवा. आपल्याला लाज वाटेल ते सुद्धा.